व्हायोलेट जेसप: तीन अपघात सगळ्यांना माहीत, नोकरी कुणालाच नाही

अबोली_वेणी

टायटॅनिकबद्दल काहीही वाचायला घेतलं की व्हायोलेट जेसपचं नाव येतं आणि दर वेळी एकाच ओळीत येतं: 'तीन जहाजांच्या अपघातांतून वाचलेली बाई'. ऑलिंपिक, टायटॅनिक, ब्रिटानिक. झालं, पुढचा परिच्छेद. या ओळीचा मला आता खरंच राग येतो. ती १९०८ साली पहिल्यांदा बोटीवर कामाला लागली आणि १९५० साली निवृत्त झाली. मधले खंड सोडले तरी उभं आयुष्य बोटीवर गेलं. तिन्ही अपघातांचे तास एकत्र केले तर एक दिवससुद्धा भरत नाही. बाकीची सगळी वर्षं ती लोकांचे बिछाने घालत होती, चहाचे ट्रे नेत होती, बोट लागलेल्या बायकांच्या उशाशी भांडं धरून उभी राहत होती. त्याबद्दल बोलावं म्हणून हा धागा.

तिचा जन्म १८८७ चा, अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाजवळचा. आईवडील आयर्लंडहून तिकडे गेलेले. लहानपणी तिला क्षय झाला होता आणि ती जगेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. वडील गेले तेव्हा ती सोळा वर्षांची. मग आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली आणि स्वतः बोटीवर स्ट्युअर्डेस (प्रवाशांची देखभाल करणारी बाई) म्हणून लागली. काही वर्षांत आईची तब्येत खालावली. थोरली मुलगी म्हणून व्हायोलेटने शिक्षण सोडलं आणि आईचंच काम उचललं. आवड वगैरे काही नव्हती, घरात खाणारी तोंडं होती.

नोकरी मिळवतानाची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तेव्हा स्ट्युअर्डेस म्हणून पोक्त, शक्यतो विधवा बायका घेत. एकवीस वर्षांची देखणी मुलगी म्हणजे प्रवासी आणि खलाशी दोघांकडून कटकट, असा हिशेब. म्हणून ती मुद्दाम जुनाट कपडे घालून, अजिबात न नटता मुलाखतीला जायची. शेवटी रॉयल मेल कंपनीच्या 'ओरिनोको' बोटीवर घेतलं.

पुढे ती व्हाइट स्टार कंपनीत आली. टायटॅनिकच्या वेळी स्ट्युअर्डेसचा पगार महिन्याला ३ पौंड १० शिलिंग होता. पुरुष स्ट्युअर्डला ३ पौंड १५ शिलिंग. दोघांचीही खरी मिळकत बक्षिशीवर, म्हणजे पहिल्या वर्गातल्या बाईसाहेबांच्या मर्जीवर. सकाळचा चहा, खोलीतला नाश्ता, आंघोळीच्या वेळा ठरवणं, ट्रंका उघडून कपडे लावणं, पाठीमागची हुकं लावून देणं, फुलदाण्या, रात्री पुन्हा बिछाने. दिवस सोळा-सतरा तासांचा.

अपघातांचं थोडक्यात सांगते. २० सप्टेंबर १९११ ला आइल ऑफ वाइटजवळ 'हॉक' ही युद्धनौका ऑलिंपिकला धडकली. कोणी दगावलं नाही, बोट स्वतःच्या जोरावर साउदॅम्प्टनला परतली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक. २१ नोव्हेंबर १९१६ ला ब्रिटानिक, जी तेव्हा इस्पितळ-जहाज होती. एजियन समुद्रात केया बेटाजवळ जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर आदळली आणि ५५ मिनिटांत बुडाली.

कोणाकडे बोटींवरच्या सलूनच्या (प्रवाशांच्या जेवणा-बैठकीच्या दालनाच्या), केबिनच्या कामाची माहिती असेल, घरात कोणी असेल, तर जरूर लिहा.

चष्मेवाला

चांगला विषय. दोन गोष्टी मात्र नोंदवतो.

एक, ऑलिंपिकची टक्कर या यादीत घालणं मला पटत नाही. पोलादी पत्रा फाटला, दोन कप्प्यांत पाणी शिरलं, पण बोट तरंगत राहिली. 'तीन' हा आकडा जमावा म्हणून ती टक्कर जहाजबुडीच्या पंगतीला बसवली जाते.

दुसरी, बाळाची गोष्ट. टायटॅनिकवर १६ नंबरच्या नावेत चढताना सहावे अधिकारी जेम्स मूडी यांनी तिच्या हातात एक बाळ दिलं, तिने ते रात्रभर सांभाळलं, वाचलेल्यांना उचलणाऱ्या कार्पेथिया बोटीवर चढल्यावर एक बाई धावत आली आणि एक शब्द न बोलता बाळ हिसकावून घेऊन गेली. इथवर ठीक. पुढे म्हातारपणी एका वादळी रात्री तिला फोन आला, 'ते बाळ मी' असं म्हणून पलीकडच्या माणसाने हसून फोन ठेवला, असंही सांगतात. पण त्या नावेतलं जे बाळ नोंदींत सापडतं ते असद थॉमस. त्याला सांभाळणारी म्हणून एडविना ट्राउट या दुसऱ्याच प्रवासी बाईचं नाव येतं, आणि असद १९३१ सालीच वारला. मग फोन कोणी केला?

अबोली_वेणी

चष्मेवाला, ऑलिंपिकचं मान्य. फोनवर माझाही विश्वास नाही. कोणीतरी खोडसाळपणा केला असेल. पण बाळाबद्दल मी तिच्या बाजूने आहे. आठवणी तिने १९३४ साली स्वतः लिहून काढल्या, छापल्या गेल्या १९९७ मध्ये, म्हणजे ती १९७१ ला गेल्यानंतर सव्वीस वर्षांनी. गाजावाजा करायचा असता तर हयातीतच केला असता. अंधारात, गारठ्यात, एकाच नावेत एक बाळ दोन बायकांच्या मांडीवर फिरलं असेल, हे मला अशक्य वाटत नाही.

त्यातला एक बारकावा बघा. तिला वर डेकवर पाठवलं ते जीव वाचवायला नव्हे, कामावर. इंग्रजी न समजणाऱ्या बायका नावेत चढायला तयार नव्हत्या. घाबरण्यासारखं काही नाही हे त्यांना दिसावं म्हणून स्ट्युअर्डेसनी त्यांच्या समोर चढून दाखवायचं होतं. म्हणजे नावेत पाय ठेवणं हीसुद्धा ड्युटीच.

लाटांवरचा_पसारा

हा धागा बघून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी गेली नऊ वर्षं क्रूझ बोटींवर हाउसकीपिंगला आहे. आधी असिस्टंट, आता केबिन स्ट्युअर्ड. घर चिपळूणजवळ. सध्या सुट्टीवर.

व्हायोलेटबाईंचे सोळा-सतरा तास वाचून हात थांबला. आमचे कागदावर दहा. माझ्याकडे असिस्टंटसह २२ केबिन असतात, दिवसातून दोनदा. सकाळी पूर्ण सफाई, संध्याकाळी पडदे ओढून बिछाना मोकळा करून ठेवायचा. चढ-उतरीच्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी एकपर्यंत सगळ्या केबिन रिकाम्या करून पुन्हा नव्यासारख्या. त्या दिवशी जेवण म्हणजे पँट्रीत उभ्याने खाल्लेला पाव. आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट, रविवार नाही. पायांपेक्षा मनगटं जातात. गादीचा कोपरा उचलून चादर खाली दाबायची, दिवसाला शंभर-दीडशे वेळा. घरी आलो की आई म्हणते चहाचा कप नीट धर, सांडतोयस.

पण मला वेगळं सांगायचंय. प्रवाशांना वाटतं आम्ही टॉवेलचे हत्ती बनवायला आहोत. आमच्या केबिनच्या दाराच्या आत एक कार्ड असतं, त्यावर आपत्तीत तुमचं काम काय ते लिहिलेलं. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की मी हाउसकीपिंगचा राहत नाही. माझ्या पट्ट्यातल्या प्रत्येक केबिनचं दार उघडायचं, बाथरूम बघायचं, कपाट उघडायचं, पलंगाखाली वाकायचं, कारण घाबरलेली मुलं तिथेच लपतात. मग दारावर खूण लावायची की ही रिकामी. हे आम्ही दर आठवड्याला करतो.

एकदा खरंच करायची वेळ आली. कंपनीचं आणि बोटीचं नाव लिहीत नाही. पहाटे इंजिनरूममध्ये आग लागली, वीज गेली. पंखे बंद झाले की बोट इतकी शांत होते की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. मी पट्ट्यात बॅटरी घेऊन. एका केबिनमध्ये ऐंशीच्या आसपासच्या आजी, एकट्या, लाइफजॅकेट घातलेलं, पण दाराबाहेर यायला तयार नाहीत. तोंडावर हात धरून मान हलवत होत्या. मला वाटलं भीतीने. मग कळलं, कवळी सापडत नव्हती. कवळीशिवाय चार लोकांत जायला त्यांचा साफ नकार. मी गुडघ्यावर बसून बॅटरीने शोधली. बेसिनच्या मागे पडली होती. पेल्यातल्या पाण्यात खळबळून दिली, त्यांनी पाठ करून लावली आणि मग माझा हात धरून चार मजले उतरल्या. आग तासाभरात विझली, कोणाला काही झालं नाही. प्रवास संपताना त्या मला शोधत आल्या होत्या. बोलल्या काही नाहीत, फक्त गालाला हात लावला.

अबोली_वेणी

लाटांवरचा पसारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही कवळीचं लिहिलंत आणि मला व्हायोलेटचा टूथब्रश आठवला. कार्पेथियावर तिला सगळ्यात जास्त चुकचुकल्यासारखं झालं ते दात घासायला ब्रश नाही म्हणून. चार वर्षांनी ब्रिटानिकवर सुरुंग फुटला तेव्हा ती एका आजारी परिचारिकेसाठी नाश्त्याचा ट्रे लावत होती. खोलीत धावत जाऊन तिने ज्या मोजक्या वस्तू उचलल्या त्यात टूथब्रश होता.

आणि टायटॅनिकवर तुमच्यासारखा भोंगाच नव्हता हे लक्षात घ्या. सगळ्या बोटभर ऐकू जाईल अशी ध्वनिक्षेपकाची सोयही नव्हती. स्ट्युअर्डने एकेक दार ठोठावायचं, झोपेतल्या माणसाला उठवायचं, 'काळजीचं काही नाही, पण गरम कपडे घाला' म्हणायचं आणि त्याला जॅकेट बांधून द्यायचं, हीच यंत्रणा. ज्याने लोकांना उठवलं त्याला स्वतःला नावेत जागा मिळालीच असं नाही. स्त्री-कर्मचारी २३ होत्या, त्यांतल्या २० वाचल्या. पुरुष स्ट्युअर्डमधले बहुतेक गेले.

पुणेरी_पाऊस

वाचतेय. एक शंका: इतकं होऊनही ती परत का गेली? मला तर नदीत होडीत बसायचीही भीती वाटते. घरच्यांनी अडवलं नाही?

तारवटी_घर

पुणेरी पाऊसताई, परत का गेली याचं उत्तर आमच्या घरात आहे, म्हणून लिहिते. आमच्या गोव्याकडे बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. माझे शापाय, म्हणजे आईचे वडील, सालसेतचे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर सलूनमध्ये होते, मुंबई ते पूर्व आफ्रिका आणि मुंबई ते आखात. त्या काळी कामाची वाटणीच ठरलेली असायची. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातेतले, इंजिनला पठाण-पंजाबी, आणि पँट्री, स्वयंपाक, सलून गोव्याच्या लोकांकडे. एक बोट सुटून दुसरी मिळेपर्यंत शापाय धोबीतलावला गावच्या कुडीत राहायचे. कूड म्हणजे गावकीची खोली. भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, देवाचा आल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. भाडं नाममात्र. बोट मिळाली नाही तर महिनोन्‌महिने तिथेच, आणि गावी मनिऑर्डर बंद.

१९४२ मध्ये 'तिलावा' बुडाली तीही याच कंपनीची. २० नोव्हेंबरला मुंबईहून डर्बनकडे निघाली होती, ९५८ माणसं बोटीवर. २३ तारखेला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. लोक नावांत उतरले. बोट लगेच बुडाली नाही म्हणून काही जण पुन्हा वर चढले, आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले. उरलेल्यांतल्या बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून २७ तारखेला मुंबईत आणलं. कुडीतले ओळखीचे तिलावावर होते. शापाय तेव्हा नवीन लागलेले. आई सांगते, त्यांनी त्याबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नाही. पण झोपताना चपला पलंगाखाली नेहमी बाहेर तोंड करून ठेवायचे आणि उशाशी बॅटरी. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी.

पुढे १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ 'दारा' बोटीवर स्फोट झाला, २३८ माणसं गेली. शापाय तेव्हा दुसऱ्या बोटीवर होते. आईला ती सकाळ आठवते. घरात रेडिओ नव्हता, पाद्रींनी माणूस पाठवला होता. शापायची चिठ्ठी येईपर्यंत घरात चूल पेटली पण कोणी नीट जेवलं नाही. त्यानंतरही ते गेले, कारण मामाची शाळा चालू होती आणि घराचं छप्पर अर्धं राहिलं होतं. माझ्या आजीने अडवलं नाही. ट्रंक भरून दिली.

चष्मेवाला

तारवटी घर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कुडीचं ऐकून होतो, ट्रंकांचं माहीत नव्हतं.

पगारावरून एक महत्त्वाचं राहिलं. ब्रिटनच्या १८९४ च्या कायद्याप्रमाणे बोट बुडाली की खलाशाचा करार त्या क्षणी संपायचा आणि पगारही तिथपर्यंतच. म्हणजे टायटॅनिकच्या कर्मचाऱ्यांची नोकरी १५ एप्रिलच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी संपली. नावेत कुडकुडत बसलेली व्हायोलेट कायद्याने बेकार होती. वाद्यवृंदात जॉक ह्यूम नावाचा एकवीस वर्षांचा व्हायोलिनवादक होता, तिच्या ओळखीतला. त्याच्या वडिलांना एजन्सीने मुलाच्या गणवेशाचं बिल पाठवलं. हे वाचलं तेव्हा मी कागद बाजूला ठेवून उठलो होतो.

१९२० साली जिनोआच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ठराव झाला, की बोट बुडून नोकरी गेली तर खलाशाला बेकारीच्या दिवसांची भरपाई द्यायची, मात्र ती एकूण दोन महिन्यांच्या पगारापुरती मर्यादित ठेवायची मुभा होती. ब्रिटनने १९२५ मध्ये तसा कायदा केला. तोपर्यंत व्हायोलेटच्या दोन बोटी बुडून झाल्या होत्या.

टायटॅनिकनंतर दहाच दिवसांत ऑलिंपिकच्या आगवाल्यांनी (भट्टीत कोळसा घालणाऱ्यांनी) संप केला, हेही नोंदवून ठेवतो. घाईघाईने आणलेल्या घडीच्या नावा धड नाहीत म्हणून जवळजवळ तीनशे जण बोटीवरून उतरले. म्हणजे हे लोक मुकाट्याने परत गेले असं नाही.

लाटांवरचा_पसारा

पुणेरी पाऊसताई, तारवटी घर यांनी सांगितलं तेच. आमच्याकडे आता छपराऐवजी फ्लॅटचा हप्ता, एवढाच फरक.

२०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याला कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली तेव्हा मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होतो. बोटीवर दोनशेच्या आसपास भारतीय कर्मचारी होते. ३२ माणसं गेली, त्यांत मुंबईचा एक वेटर होता. सगळ्यांत शेवटी सापडला तो त्याचाच देह, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जवळजवळ तीन वर्षांनी. आमच्या वर्गातल्या दोघांनी त्या आठवड्यात बोटीचा विचार सोडला. मी मुलाखतीला गेलो. ट्रेनिंगला मला ज्यांनी दार तपासायला शिकवलं ते एक वयस्कर गोवेकर सुपरवायझर होते. म्हणायचे, 'बाथरूमचं दार ढकलून बघू नको, आत पाय टाक.' आजही पाय टाकतो.

ब्रिटानिकवर तिचं नक्की काय झालं? नीट माहिती मिळेल का?

अबोली_वेणी

सांगते. ती तेव्हा रेड क्रॉसतर्फे परिचारिकांच्या मदतीला होती. स्फोट सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी. कॅप्टन बार्टलेट बोट केयाच्या किनाऱ्याला लावायच्या प्रयत्नात होते, म्हणून इंजिनं चालूच ठेवली होती. पण हुकूम येण्याआधीच काही नावा पाण्यात सोडल्या गेल्या. बोट पुढून बुडत असल्याने मागचे पंखे (प्रोपेलर) वर आले होते. दोन नावा त्यांत ओढल्या गेल्या. व्हायोलेटने आयत्या वेळी पाण्यात उडी टाकली, खाली ओढली गेली, आणि वर येताना तिचं डोकं नावेच्या तळावर आपटलं. हजाराहून जास्त माणसांतली ३० गेली, त्यांतली बहुतेक त्या पंख्यांमुळेच.

तेवढ्यावर थांबलं नाही. पुढे बरीच वर्षं तिचं डोकं दुखायचं. शेवटी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, कवटीला तडा गेला होता. तिचं म्हणणं, दाट केसांमुळे वाचले. ती वर्षं लक्षात घ्या. १९२० मध्ये ती पुन्हा ऑलिंपिकवर रुजू झाली, म्हणजे त्या दुखणाऱ्या डोक्याने वाकून बिछाने घालत होती. नंतर रेड स्टार कंपनीच्या 'बेल्गेनलँड'वरून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणेच्या सफरी केल्या, मग पुन्हा रॉयल मेल. निवृत्तीनंतर सफोकमधल्या ग्रेट अ‍ॅशफील्ड गावात राहिली.

एक चांगली आठवणही देते. टायटॅनिकचे रचनाकार थॉमस अँड्र्यूज यांनी ऑलिंपिकवर कर्मचाऱ्यांना त्यांच्या राहायच्या जागेतल्या अडचणी विचारल्या होत्या आणि टायटॅनिकवर त्यांतल्या काही खरोखर दूर केल्या. व्हायोलेटने त्यांच्याबद्दल फार जिव्हाळ्याने लिहिलंय. इतक्या मोठ्या बोटीत आपल्याला कोणीतरी विचारलं, हे ती विसरली नाही.

पुणेरी_पाऊस

माझा प्रश्न बालिश होता बहुतेक, पण बरं झालं विचारला. तारवटी घर, शापायंचे कागद वगैरे काही जपलेत का? असतील तर स्कॅन करून ठेवा.

तारवटी_घर

बालिश अजिबात नाही.

त्यांचं डिस्चार्जचं पुस्तक, म्हणजे बोटींवरच्या नोकरीची नोंदवही, आहे, आईच्या कपाटात, साडीच्या घडीत. आज तुमच्यामुळे काढून बघितलं. प्रत्येक बोटीला एक ओळ. बोटीचं नाव, कुठे चढले, कुठे उतरले, आणि शेवटी काम आणि वागणूक यासाठी दोन शिक्के. सगळ्या ओळींना 'व्हेरी गुड', पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. फोटोत ते बावीस-तेवीसचे असतील. उजव्या अंगठ्याचा ठसा दुसऱ्या पानावर, शाई थोडी फिसकटलेली. आईने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, त्यांचा हा अंगठा वाकायचा नाही, ट्रे धरून धरून. मला हे आजच कळलं. उद्या नीट उजेडात फोटो काढते.